दिवा विझवण्याचं काम

माझ्या दुकानातून दिवा लागलेली गाडी बाहेर पडत नाही, हे वाक्य मी सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलं. गिऱ्हाइकं ते पुढे चार माणसांत सांगायची आणि फिरून माझ्या कानावर आलं की मला बरं वाटायचं. दिवा म्हणजे स्टिअरिंगच्या पुढे मीटर असतं त्यातला. किल्ली फिरवली की इंजिनाचा, बॅटरीचा, ब्रेकचा, एअरबॅगचा असे सगळे दिवे एकदम लागतात आणि चार-पाच सेकंदांत विझतात. एखादा विझत नाही. तो का विझत नाही हे शोधून काढणं म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम. नुसता दिवा विझवणं हे वेगळं काम आहे आणि ते फार सोपं आहे.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, एक-दोन सांगतोही. पण मला जे लिहायचं होतं ते गमतीचं नाही, आणि ते लिहायला मिळावं म्हणूनच मी हो म्हटलं. हे त्यांना अगोदर कळवायला हवं होतं. कळवलं नाही. अगोदर न कळवण्याची ही माझी सवय जुनी आहे, ते पुढे दिसेलच.

दुकान शहाडला होतं, कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एका अरुंद गल्लीत. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला गटार. गाडी आत घ्यायची तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापून गटाराच्या कडेला तिरकी लावावी लागायची. आम्ही मूळचे मोहन्याचे. घरातली शेती आजोबांबरोबरच संपली. वडील रेऑनच्या कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात होते, त्यामुळे टेस्टर माझ्या हातात शाळेतच आला. मी आधी रिक्षांचं वायरिंग केलं, मग टेम्पोंचं, मग गाड्यांचं. कुणी रीतसर शिकवलं नाही. चटके खाऊन शिकलो, म्हणून आपल्या हाताचा जरा जास्तच अभिमान होता.

शेवटची दहा-बारा वर्षं माझं निम्मं काम वरच्या मॉडेलमधल्या वस्तू खालच्या मॉडेलमध्ये बसवण्याचं होतं. कंपनी एकच गाडी चार-पाच पायऱ्यांमध्ये विकते. माणूस हिशेब करून खालच्या पायरीवरची घेतो आणि मग वर्षभर शेजाऱ्याच्या गाडीत डोकावत राहतो. शेवटी माझ्याकडे येतो. कुणाला मागचा कॅमेरा हवा, कुणाला स्टिअरिंगवर बटणं, आणि पुष्कळांना पॅडल शिफ्टर.

पॅडल शिफ्टर म्हणजे स्टिअरिंगच्या मागे, दोन्ही हातांच्या बोटांना लागतील अशा दोन पट्ट्या. ऑटोमॅटिक गाडी गिअर आपले आपण बदलते. पण घाट उतरताना किंवा ओव्हरटेक करताना आपल्या मनासारखा गिअर हवा असेल, तर डावी पट्टी ओढली की एक गिअर खाली, उजवी ओढली की एक वर. हात स्टिअरिंगवरून काढावा लागत नाही. काम नाजूक आहे. एअरबॅग उतरवायची, स्टिअरिंग काढायचं, वायर खाली गिअरच्या कॉम्प्युटरपर्यंत न्यायची आणि मग त्या कॉम्प्युटरला लॅपटॉप लावून सांगायचं की बाबा रे, आता तुला पॅडल आली आहेत. एवढं करून बहुतेक गिऱ्हाइकं ती आठवडाभर ओढतात आणि विसरतात.

टेंभी नाक्याचा एक जण नवरात्राच्या आधी आलेला. त्याची गाडी साधी, क्लचवाली. मी म्हटलं, “अरे, तुझ्या गाडीचा गिअर तुलाच टाकायचाय. पॅडल कशाला जोडू?”

“जोडायची नाहीत काका. फक्त दिसली पाहिजेत. आणि टक टक वाजली तर एकदम भारी.”

मी त्याला पॅडल चिकटवून दिली, टक टक आवाजासकट. नवरात्र संपल्यावर पेढे घेऊन आला. नऊ दिवस मित्रांत नुसती हवा होती म्हणाला.

ठाण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांना मी सगळं रीतसर बसवून दिलं. तीन महिन्यांनी तणतणत आले, डावं पॅडल चालत नाही म्हणून. मी तपासलं, उत्तम चालत होतं. मग त्यांच्या शेजारी बसून चक्कर मारली, तेव्हा कळलं की डाव्या पॅडलने वायपर लागावा अशी त्यांची अपेक्षा होती. पुण्याच्या मुलाने फोनवर काहीतरी सांगितलं होतं आणि यांनी काहीतरी ऐकलं होतं. मी समजावलं, तर म्हणाले, “मग वायपरच करून द्या की.” दिला करून.

रेगे मॅडम या पंगतीतल्या नव्हत्या. त्या डोंबिवलीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, एकट्याच राहायच्या. आई ओतूरला, ऐंशीच्या पुढची, तिथलं घर सोडून डोंबिवलीत यायला अजिबात तयार नाही. म्हणून मॅडम दर रविवारी सकाळी गाडी काढायच्या, मुरबाडवरून माळशेज घाट चढून आईकडे जायच्या आणि संध्याकाळी परत. गाडी ऑटोमॅटिक, पण खालच्या पायरीवरची. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते असं, पाठ झाल्यासारखं आठवतं.

“घाट उतरताना गिअर खाली घ्यायचा तर लिव्हर आधी डावीकडे ढकलून मग मागे ओढावी लागते. माझा डावा खांदा वर्षभरापासून धरलाय. गेल्या महिन्यात कळ आली, हात तिथेच अडकला आणि समोर वळण होतं. त्या दिवशी मी खरंच घाबरले. सगळा घाट ब्रेकवर उतरले तर खाली येईपर्यंत ब्रेकचा जळका वास येतो. आई येणार नाही आणि मी जायची थांबणार नाही. तेव्हा यात तुम्ही काय करू शकता ते मला सांगा, भोईरभाऊ.”

इतक्या वर्षांत पॅडलची खरी गरज असलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. मला फार आनंद झाला. कुणाच्या तरी खांद्याचं आणि आईचं काम माझ्या हातून होणार होतं. मी म्हटलं, “मॅडम, तुमचा हात स्टिअरिंगवरून हलणार नाही, असं करून देतो.”

सामान जमवायला वेळ गेला आणि काम करायचा दिवस उजाडला तो नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून निम्म्या कल्याणला त्या एका दिवशी गाडी चकचकीत आणि तंदुरुस्त हवी असते. गल्लीच्या तोंडापर्यंत टेम्पो आणि रिक्षा लागलेल्या. मॅडमची गाडी मी सकाळीच आत घेतली, नेहमीसारखी तिरकी, पुढची चाकं पूर्ण उजवीकडे वळलेली. मॅडम स्टुलावर बसून बघत होत्या. शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही, त्या प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. मी बॅटरीची मायनस काढली आणि चहा मागवला.

“थांबलात का?”

“दहा मिनिटं थांबायचं. बॅटरी काढली तरी एअरबॅगमध्ये थोडा करंट साठलेला असतो, तो उतरू द्यायचा.”

“आणि हे कनेक्टर पिवळं का?”

“जिथे पिवळं दिसेल तिथे एअरबॅग, असं समजायचं. त्याला हात लावायच्या आधी दोनदा विचार करायचा.” हे मीच त्यांना सांगितलं, अगदी ऐटीत.

आता एक गोष्ट नीट सांगावी लागेल. स्टिअरिंग गोल गोल फिरतं, पण त्याच्या खालचा दांडा धरणारं कवच फिरत नाही. मग हॉर्नची, एअरबॅगची, पॅडलची वायर पीळ न पडता खाली कशी जाते? मध्ये एक चपटी गोल डबी असते. तिच्यात शिंप्याच्या टेपसारखी पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि त्या पट्टीतून सगळ्या तारा जातात. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंग एकीकडे फिरवलं की पट्टी सुटते, दुसरीकडे फिरवलं की आवळते. डावीकडे अडीच वेढे, उजवीकडे अडीच. त्याहून जास्त ताणली तर फाटते. म्हणून ती बसवताना पुढची चाकं सरळ हवीत आणि डबी बरोबर मध्यावर. मॅडमच्या गाडीतल्या जुन्या डबीत पॅडलच्या तारा नव्हत्या, म्हणून नवी आणली होती. नवी डबी मध्यावर धरून ठेवलेली येते, वर चिकटपट्टी असते. सगळं बसलं की शेवटी ती चिकटपट्टी काढायची.

मी ती आधी काढली. चाकं सरळ करायची तर गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायला हवी होती, आणि तिथे टेम्पोंची रांग. चाकं जेवढी वळली आहेत तेवढी डबी हाताने फिरवून घेतली की झालं, असा विचार केला. पूर्वी असं केलेलं होतं आणि जमलेलं होतं. वेढे मोजत होतो, तेवढ्यात एक टेम्पोवाला डोकावून म्हणाला, “भाऊ, माझा हॉर्न आधी बघता का?” त्याला थांब म्हटलं आणि पुढे फिरवलं. एक वेढा फिरवायचा राहिला.

दुपारी काम संपलं. लॅपटॉप लावून झाला, पॅडल चालू झाली. मॅडम चालवायला बसल्या, मी शेजारी. मुरबाड रस्त्याला थोडं पुढे जाऊन आलो. डावं पॅडल ओढलं की गाडी कशी आपसूक धरते ते बघून त्या हसल्या, लहान मुलीसारख्या. “माझा खांदा हलला नाही,” म्हणाल्या. मग परत गल्लीत शिरताना त्यांनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण कापलं आणि आत कुठेतरी टक असा आवाज झाला.

“हे काय वाजलं?”

मला कळलं होतं काय वाजलं ते. मी म्हटलं, “नवीन पॅडल आहे, जागेवर बसतंय.”

दुकानापाशी येईपर्यंत मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागला. मॅडमनी बोट दाखवलं. मी म्हटलं, “बॅटरी काढलेली ना, म्हणून. आत्ता घालवतो. तुम्ही तोपर्यंत फुलं घेऊन या.”

त्या झेंडू आणायला गेल्या आणि मी स्टिअरिंग पुन्हा उघडलं. पट्टी कडेने चिरली होती. कडेच्याच दोन तारा तुटल्या होत्या, त्या एअरबॅगच्या. हॉर्न वाजत होता, पॅडल चालत होती. सगळं नीट होतं आणि फक्त गाडीतली जी वस्तू कधी लागू नये असं वाटतं तेवढी मेली होती. मी पार्टवाल्याला फोन लावला. नवी डबी यायला तीन आठवडे.

त्या वेळी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं, आता शहाणपण सुचलं असं नाही. जुनी डबी माझ्या टेबलावरच पडली होती. ती परत बसवायला अर्धा तास. पॅडल तीन आठवडे चालली नसती, पण एअरबॅग जिवंत राहिली असती. मॅडमना सांगायचं, माझ्या हातून चूक झाली, पट्टी फाटली. एवढंच सांगायचं होतं. पण त्या इतक्या खुशीत फुलं आणायला गेल्या होत्या. त्यांना पॅडल हवी होती ती घाटासाठी, आणि पॅडल तर चालत होती. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण याच्याही खाली होतं. माझ्या दुकानातून दिवा लागलेली गाडी बाहेर पडत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

एअरबॅगचा कॉम्प्युटर गाडी चालू असेपर्यंत बॅगला बारीकसा करंट पाठवून विचारत राहतो, आहेस ना? बॅगेकडून ठरावीक अडथळा मिळाला की त्याला वाटतं, आहे. तो नाही मिळाला की दिवा लावतो. बॅगेच्या जागी तेवढ्याच अडथळ्याचा एक रेझिस्टर लावला, तांदळाच्या दाण्याएवढा, की कॉम्प्युटर फसतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. मी दुसऱ्यांना त्यावरून नावं ठेवायचो. त्या दिवशी ड्रॉवर उघडला, रेझिस्टर काढला आणि स्टिअरिंगच्या खालच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये लावून वरून टेप गुंडाळली. किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले आणि सगळे विझले.

मॅडम आल्या, गाडीला माळ घातली. “उद्या मी आईकडे असेन, म्हणून आजच,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं. मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात हत्यारांची पूजा होती. दरवर्षी मी मीटर, सोल्डरिंग गन, पकडी पुसून पाटावर मांडायचो आणि सुनंदा, माझी बायको, हळद-कुंकू वाहायची. त्या वर्षी टेबलावर ती जुनी डबी बघून तिने विचारलं, ही कसली? मी खोटं बोललो नाही. तिला सगळं सांगितलं. ती हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली, “मंग तुमी त्यांना सांगलं का नाय?”

“पार्ट आला की बोलावतो. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.”

“तीन आठवडे ती बाई घाटान जानार ना?”

मी हत्यारं पुसत राहिलो.

पार्ट वेळेवर आला. मी लगेच फोन केला. आणि त्या फोनवर मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हटलं, “मॅडम, तुमच्या गाडीचं एक छोटंसं काम राहिलंय. वेळ मिळेल तेव्हा या.”

“पॅडलचं का? पॅडल तर सुंदर चालतायत. आई म्हणते, आता तू आलीस तरी दमलेली दिसत नाहीस. सध्या दिवाळीची गडबड आहे हो, जरा मोकळी झाले की येते.”

“चालेल, चालेल. सावकाश.”

सावकाश, असंसुद्धा म्हणालो. दिवाळीनंतर पुन्हा एकदा फोन केला आणि पुन्हा तेच, छोटंसं काम. नंतर त्यांच्या प्रॅक्टिकल परीक्षा सुरू झाल्या आणि मी फोन करायचा सोडून दिला.

आणि दर रविवारी सकाळी आठच्या सुमारास, मी शटर वर करत असताना, मुरबाड रस्त्यावरून दोनदा हॉर्न वाजायचा. मॅडम जाता जाता मला राम राम करायच्या. गल्लीच्या तोंडाशी एक क्षण गाडी दिसायची. मीही हात वर करायचो. पंचवीस पावलं चालून गेलो असतो तर गाडी थांबवता आली असती. एका रविवारी सुनंदा डबा द्यायला आलेली, तिने तो हॉर्न ऐकला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हटलं, “आता घाईत असतील, कशाला अडवायचं.” ती डबा ठेवून गेली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी हॉर्न वाजला, मी हात वर केला. पुढच्या रविवारी वाजला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन लावला तो त्यांच्या शेजारणीने उचलला. सरळगावच्या पुढे विटांनी भरलेली एक ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी होती. वळण घेतल्याबरोबर समोर आली. मॅडमनी ब्रेक मारला, पट्टाही लावलेला होता. गाडी ट्रॉलीच्या मागे आदळली आणि त्यांचं तोंड स्टिअरिंगवर. जबडा दोन ठिकाणी मोडला, गालाचं हाड मोडलं, पुढचे दात गेले. “जिवावरचं थोडक्यात निभावलं,” शेजारीण म्हणाली. “बॅग का उघडली नाही कुणास ठाऊक.”

एअरबॅग उघडली असती तर नक्की किती वाचलं असतं हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मी हे वाक्य तेव्हा स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं. पण त्या बॅगेचं काम नेमकं तेवढंच असतं, चालवणाऱ्याच्या तोंडाच्या आणि स्टिअरिंगच्या मध्ये येणं.

सुनंदा म्हणाली, “जावा, बघून या.” मी हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तिला सांगितलं, भेटायची वेळ संपली होती.

पाच महिन्यांनी, दुपारी, मॅडम रिक्षाने आल्या. त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू किंचित आत गेली होती. बोलत होत्या, पण शब्द जबड्यात अडकून येत होते, मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. ज्या बाईचं वाक्य मागच्या बाकावर स्पष्ट ऐकू जायचं, तिचं. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. आत माझा रेझिस्टर होता, टेपचा तुकडा चिकटलेला.

“वर्कशॉपवाल्याने गाडी उघडली तेव्हा सापडला. कुठे काम केलंत म्हणून विचारत होता. मी आठवत नाही म्हटलं.” मग त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, “लाल, लाल, सोनेरी, सोनेरी. दोन पूर्णांक दोन ओहम. बारावीला हे रंग मीच शिकवायचे. तुम्ही लावलात ना?”

“हो.”

“कधी?”

“तुम्ही फुलं आणायला गेला होतात तेव्हा.”

त्यांनी मान हलवली. मी सगळं सांगितलं. एक वेढा, टक आवाज, जुनी डबी, तीन आठवडे. मग त्यांनी विचारलं, “तो पार्ट मग आला का?”

मी ड्रॉवर उघडून खोका काढला. डबी तशीच होती, वर चिकटपट्टी तशीच. त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली.

“चूक झाली ते मला समजतं,” त्या म्हणाल्या. “प्रयोग करताना मुलांच्या हातून काय काय मोडतं ते मी आयुष्यभर पाहिलंय. तुम्ही घाबरलात, लपवलंत, तेही समजतं. पण पार्ट आल्यावर तुम्ही फोन केलात. दोनदा केलात. तेव्हा ‘एअरबॅग बंद आहे’ एवढं म्हणाला असतात, तर मी त्याच दिवशी रिक्षा करून आले असते. परीक्षा टाकून आले असते. तुम्ही छोटंसं काम का म्हणालात?”

गिरणी चालू होती, मी तिचा आवाज ऐकत उभा राहिलो. त्यांनी वाट बघितली, शिक्षक वर्गात वाट बघतात तेवढी. मग उठल्या.

“मी तक्रार करणार नाही. पण तुम्हाला माफही केलेलं नाही. दोन्ही सांगून ठेवते.” दाराशी थांबून म्हणाल्या, “पॅडल मात्र खरंच चांगली होती. घाटात एकदाही खांदा दुखला नाही.”

हे शेवटचं त्यांनी कशासाठी सांगितलं ते मला आजही कळलेलं नाही. टोमणा असता तर सोसला असता. तो टोमणा नव्हता.

त्यानंतर मी दोन वर्षं दुकान चालवलं. पिवळ्या कनेक्टरचं काम घेतलं नाही. त्या काळात एकदा एका गिऱ्हाइकाच्या ब्रेकचा सेन्सर मिळेना, तेव्हा मी त्याची गाडी दिवा लागलेलीच बाहेर सोडली आणि दिवा का लागलाय ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगला चिकटवलं. तो वैतागून म्हणाला, “भाऊ, तुमच्या दुकानातून दिवा लागलेली गाडी जात नाही ना?” मी म्हटलं, आजपासून जाते. मग रस्ता रुंद व्हायचा म्हणून गल्लीच गेली, दुकानही गेलं. हत्यारं घरी आणली. तो खोका आणला, ती पुडीसुद्धा आणली. दसऱ्याला सुनंदा हत्यारांवर फूल वाहते तेव्हा मी त्या दोन वस्तू पाटावर ठेवत नाही. त्या ड्रॉवरमध्येच असतात.

मॅडमनी वर्गात शिकवणं सोडलं, असं नंतर कळलं. मुलांना शब्द समजत नव्हते. ओतूरला आता एसटीने जातात. हा अंक त्यांच्या घरी दरवर्षी येतो, तेही मला माहीत आहे. गाडीच्या मागच्या सीटवर मी तो पाहिला होता.

मॅडम, तुम्ही विचारलं होतंत, छोटंसं काम का म्हणालो. मोठं म्हणालो असतो तर तुम्ही विचारलं असतंत, कुणाच्या हातून बिघडलं. मला माझं नाव घ्यावं लागलं असतं. ते घ्यायला लागू नये, म्हणून मी तुम्हाला सोळा-सतरा रविवार घाटात जाऊ दिलं आणि दुकानाच्या दाराशी उभा राहून हात वर करत राहिलो.

मी विठ्ठल भोईर, शहाड. माझ्या हातून बिघडलं.